भल्लातक आणि स्तनाचा कर्करोग

बियांच्या अर्काने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात, अशा आशयाची कात्रणे पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील काही औषधालयांत आमच्या पाहण्यात आली. कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या भगिनी स्तनातील गाठ दाखविण्यास आधीच संकोचतात, त्यात रजेचा पगारही कापला जातो. अशा वेळी हाती एखादे चूर्ण पडले की तपासणी आणखी लांबते.

उदाहरण आपल्या भल्लातकाचेच घेऊ. चरकसंहितेतील रसायनाध्यायात त्याचे दहा कल्प आहेत. मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी बिब्ब्याच्या दुग्धसिद्ध कल्पाचा अभ्यास उंदरांतील स्तनार्बुदावर केला. टी-४७-डी या स्तनकर्करोगाच्या पेशींवरील त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. या कामाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ज्या तेलाने कातडीवर बिब्बा उततो, त्याने काचपात्रातील पेशी मराव्यात यात नवल ते काय? निरोगी पेशी वाचतात का, हा खरा प्रश्न. शिवाय ‘बी’ म्हणजे नेमके काय? डिंकाच्या लाडवात घालतो ती गोडंबी, की टरफलातील दाहक तेल? कात्रणांत हा भेद सापडत नाही.

मात्रेचा हिशोबही पाहावा. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ येथील पेशी-चाचणीत अर्काने प्रति मिलिलिटर २० मायक्रोग्रॅम वा त्याहून कमी मात्रेत पेशींची वाढ निम्म्यावर आणली, तर तो क्रियाशील मानतात. रक्तातील सुमारे ३ लिटर द्रवात एवढी तीव्रता यावयाची, तर ६० मिलिग्रॅम अर्क जठराग्नी व यकृत यांतून अबाधित रक्तात उतरावा लागेल, आणि तोही धातूंत न पसरता तेथेच राहावा लागेल. जर्दाळूच्या बियांतील अमिग्डालिनचाही असाच गाजावाजा झाला होता. अमेरिकेत १७८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९८२ मध्ये आले; लाभ दिसला नाही, काहींच्या रक्तात सायनाइड मात्र विषारी पातळीजवळ पोहोचले.

औषधालयचालकांनी हेही ध्यानी घ्यावे की भल्लातक अनुसूची ई(१) मधील विषद्रव्य आहे, आणि कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. गाठ घेऊन आलेल्या भगिनीस चूर्ण न देता प्रथम शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. केमोथेरपी चालू असताना तेथील डॉक्टरांना कळविल्यावाचून भल्लातककल्प देऊ नये.

संशोधन थांबावे असे आमचे म्हणणे नाही. एमसीएफ-७ सारख्या पेशी पुण्याच्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून संशोधकांना मिळतात. ज्या सभासदांस आपला कल्प तपासून घ्यावयाचा असेल, त्यांनी नमुन्यासोबत शोधन विटेच्या चुऱ्यात केले की गोमूत्रात, अनुपान कोणते, हे लेखी द्यावे आणि निरोगी पेशींवरील चाचणीही मागावी.