शंभर सामने कुणाच्या खात्यावर?

अध्यक्ष,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांस,



१७ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूत पाकिस्तानविरुद्ध खेळताना बचावपटू आशालता देवी यांनी सामन्यांची शंभरी गाठली. असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. कौतुक व्हायलाच हवे. पण हा आकडा त्यांच्याइतकाच आपल्या कारभाराचाही आहे. संघातली जागा खेळाडू स्वतःच्या बळावर टिकवते, सामने मात्र महासंघ ठरवतो. अमेरिकेच्या क्रिस्टी रॅम्पोन याही बचावपटूच. १९९७ ते २०१५ या काळात त्या ३११ सामने खेळल्या. दशकाहून अधिक काळ खेळून आशालतांच्या वाट्याला शंभर आले. हा फरक दमाचा नाही, वेळापत्रकाचा आहे. २००९ मध्ये तर दीर्घकाळ एकही सामना न झाल्याने आपला महिला संघ फिफाच्या क्रमवारीतूनच वगळला गेला होता.

याचा सर्वाधिक फटका बचावफळीला बसतो. आघाडीची खेळाडू एका धावेत सामना फिरवू शकते. मागच्या चौघींना मात्र ऑफसाइडची रेषा एकाच क्षणी पुढे न्यावी लागते, चेंडूवर कोण जाणार आणि तिची जागा कोण भरणार हे न बोलता उमगावे लागते. शिबिरात ते समजते, अंगवळणी पडते बलाढ्य संघांपुढेच. देशांतर्गत लीग त्याला पर्याय नाही.

पैसा नाही, असे आपण म्हणाल. पण २०२२ चा आशियाई चषक महाराष्ट्रात होणार होता, तेव्हा याच महासंघाने संघाला मनाउसला नेऊन ब्राझील, चिली, व्हेनेझुएलाशी खेळवले होते. ब्राझीलने सहा गोल चढवले. अशा पराभवांनी मुली खचतात म्हणावे, तर दोनच महिन्यांत नवी मुंबईत या संघाने इराणला एकही गोल करू दिला नाही. इराण म्हणजे ब्राझील नव्हे, आणि गोल आपल्यालाही करता आला नाही, हे मान्य. बचाव मात्र उभा राहिला. पुढे संघात कोविड पसरला, स्पर्धेतून बाहेर पडावे लागले, तो निकालही रद्द झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने महासंघावर बंदी घातली आणि स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला गोकुलम केरळ क्लबचा महिला संघ न खेळताच परतला. साथीवर इलाज नव्हता, बंदीवर होता.

म्हणून मागणी एकच: आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठीच्या फिफाच्या प्रत्येक विंडोत महिला संघाचे सामने ठेवा, त्यांतले निम्मे तरी क्रमवारीत आपल्याहून वर असलेल्या संघांशी, आणि ते वेळापत्रक जानेवारीतच जाहीर करा.

आपली,
एक फुटबॉलप्रेमी