फुकटची बस बंद झाली, त्यात एवढं काय?

अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून चार वेळा तरी हा प्रश्न येतोच : "आईबाबा येतायत, त्यांना ऑरलँडोला नेतोय. एअरपोर्टवरून हॉटेलपर्यंत डिस्नेची फुकट बस असते ना?" मग कुणीतरी लिहितं, "नाही हो, ती केव्हाच बंद झाली." दोन रडके इमोजी येतात आणि विषय संपतो. मला मात्र हा विषय इतक्या लवकर संपवावा असा वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डिस्ने वर्ल्डच्या स्वतःच्या हॉटेलात खोली घेतली की ऑरलँडो विमानतळावरून ने-आण करणारी बस मिळायची. नाव 'मॅजिकल एक्सप्रेस', तिकीट शून्य. 2005 च्या मे महिन्यात ती सुरू झाली. 2021 च्या जानेवारीत कंपनीने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून ही सेवा नसेल, आणि 1 जानेवारी 2022 पासून येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती बंद झाली. जवळजवळ सतरा वर्षं चालली.

बस म्हणजे नुसती बस नव्हती. निघायच्या आधी घरी टपालाने पिवळे टॅग यायचे. ते बॅगांना लावायचे, विमानात बॅगा चेक-इन करायच्या आणि ऑरलँडोला उतरल्यावर बेल्टकडे वळूनही बघायचं नाही. सरळ खालच्या मजल्यावर डिस्नेच्या काउंटरला जायचं, रांगेत उभं राहायचं, बसमध्ये बसायचं. बॅगा नंतर थेट खोलीत. परतीच्या दिवशी बऱ्याच विमान कंपन्यांच्या बॅगा हॉटेलच्या दारातच जमा करता यायच्या आणि बोर्डिंग पासही तिथेच हातात मिळायचा. (भारतातून येणाऱ्यांना कस्टम्समुळे बॅगा स्वतःच घ्याव्या लागत. पण इथे राहणाऱ्या मुलांकडे आधी येऊन मग ऑरलँडोला जाणारेच आपल्यात जास्त.)

आम्ही 2017 ला सांगलीहून आलेल्या आईबाबांना घेऊन गेलो होतो. बाबा सत्तरीचे, आईचे गुडघे दुखरे, मुलगी चार वर्षांची. नेवार्कला बॅगा दिल्या त्या थेट रात्री खोलीत दिसल्या. बाबांना किल्ला, परेड, आतषबाजी यातलं फारसं काही लक्षात राहिलं नाही. पण गावाकडे गेल्यावर सगळ्यांना सांगत होते, "बॅगेला हात लावला नाही बघ. सामान आपोआप खोलीत!" म्हाताऱ्या माणसाला प्रवासात कशाचं ओझं वाटतं, ते यावरून कळावं.

आता जे लोक म्हणतात की "कंपनी काय धर्मादाय आहे का?", त्यांचं म्हणणं मला पटतं. नाहीच आहे. आणि ती बसही धर्मादाय नव्हती, हेच मुळात समजून घ्यायला हवं.

ऑरलँडोत गाडीशिवाय माणूस म्हणजे पाय बांधलेला. विमानतळ ते डिस्ने अंतर साधारण वीस मैल, आणि डिस्नेची जागा एवढी मोठी की आतल्या आतसुद्धा पायी फिरणं अशक्य. अशा ठिकाणी पाहुण्याला विमानतळावरून फुकट आणलं, आतल्या आत फुकट बस, बोट, मोनोरेलने फिरवलं, की तो गाडी भाड्याने घेत नाही. गाडी नाही म्हणजे युनिव्हर्सलला जाणं नाही, सीवर्ल्डला जाणं नाही, बाहेरच्या सुपरमार्केटातून दूध-ब्रेड आणणं नाही. सहा दिवस तीन वेळचं जेवण, पाण्याची बाटली, टोपी, बाहुली, सगळं आतच. बसचं तिकीट आपण देत होतोच, फक्त ते सँडविचच्या किमतीत मिसळलेलं होतं. दोन्ही बाजूंना परवडणारा सौदा होता. मला त्याबद्दल तक्रार नव्हती, आजही नाही.

मग तो सौदा मोडला का? कंपनीने सांगितलेलं कारण असं की पाहुण्यांना आता प्रवासाचे जास्त पर्याय हवे असतात आणि मिळतातही. हे खोटं नाही. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की मोबाइलवरून गाडी बोलावणं सोपं झाल्यावर पाहुण्याला आत धरून ठेवण्याचं बसचं काम संपलं. ज्याला युनिव्हर्सलला जायचंय तो आता तसाही जातो. मग बसचा खर्च कशाला?

आणि एकटी बसच गेली असं नाही. त्याच सुमारास हॉटेलच्या पाहुण्यांना फुकट मिळणारे मॅजिकबँड बंद झाले. रांग टाळण्याचा फास्टपास फुकट होता, त्याच्या जागी ऑक्टोबर 2021 मध्ये जिनी प्लस आलं, सुरुवातीला माणशी दिवसाला 15 डॉलर. पाहुण्यांसाठी ठरावीक दिवशी पार्क तासन् तास जादा उघडे असत, त्याऐवजी रोज सकाळी अर्धा तास आधी प्रवेश. एकेक गोष्ट पाहिली तर किरकोळ वाटते. सगळ्यांची बेरीज केली की कळतं, खोलीच्या भाड्यात काय काय येत होतं आणि आता काय काय येत नाही. बस बंद करण्याच्या घोषणेत भाडं कमी करण्याबद्दल मात्र एक शब्द नव्हता.

बेरीज करूनच बघू. डिस्नेसाठी ज्या मिअर्स कंपनीच्या बस धावत होत्या, त्याच कंपनीने 'मिअर्स कनेक्ट' नावाने तिकीट लावून तीच वाट पुन्हा सुरू केली. सुरुवातीचे दर : मोठ्यांना एका बाजूचे 16 डॉलर, लहान मुलांना साडेतेरा. आईवडील आणि दोन मुलं, जाऊन-येऊन 118 डॉलर. बरोबर आजी-आजोबा असले की 182. बॅगा स्वतःच्या स्वतः उचलायच्या हे वेगळं. टॅक्सी केली तर सहा माणसं आणि सहा बॅगांना मोठी गाडी हवी, आणि लहान मुलाची कार सीट कुठून आणायची हा प्रश्न.

ज्या कुटुंबाने या ट्रिपवर सहा-सात हजार डॉलर खर्च करायचे ठरवलेत त्याला 182 डॉलर जड नाहीत, असं कुणी म्हणेल. मान्य. पण फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. चाळिशीतला, अमेरिकेत गाडी चालवणारा, फोनवर दोन ॲप आणि खिशात क्रेडिट कार्ड असलेला माझ्यासारखा माणूस पाच मिनिटांत मार्ग काढतो. जो गाडी चालवत नाही, ज्याच्या फोनमध्ये फक्त भारतातलं सिम आहे, ज्याला व्हीलचेअर लागते, जी बाई दोन लहान मुलं घेऊन एकटी आलीय, त्यांच्यासाठी ती बस म्हणजे सोय नव्हती, आधार होता. उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येणारे आपले आईवडील बहुतेक याच यादीत बसतात. मुलाला सुट्टी नाही म्हणून "तुम्ही दोघंच जाऊन या" असं पूर्वी धीर करून म्हणता यायचं. आता म्हणताना विचार करावा लागतो.

पण माझा खरा राग डिस्नेवर नाही, आणि इथेच बऱ्याच जणांशी माझे मतभेद होतात. खाजगी कंपनी फायद्याचं असेल तोवर देते, नसेल तेव्हा काढून घेते. तिला मत देऊन आपण निवडलेलं नसतं, त्यामुळे पाडताही येत नाही. ज्यांना आपण निवडून देतो त्यांनी काय केलं, हा प्रश्न विचारायला हवा.

ऑरलँडो विमानतळ, डिस्ने आणि टॅम्पा यांना जोडणारी वेगवान रेल्वे कागदावर जवळजवळ तयार होती. विमानतळावर एक स्टेशन, डिस्नेला एक. केंद्र सरकार 2.4 अब्ज डॉलर देत होतं, म्हणजे बहुतेक सगळा खर्च. फेब्रुवारी 2011 मध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रिक स्कॉट यांनी ते पैसे नाकारले. खर्च वाढला तर राज्याच्या करदात्यांवर बोजा पडेल, असं त्यांचं म्हणणं. पुढे ब्राइटलाइन ही खाजगी रेल्वे आली. सप्टेंबर 2023 पासून ती मायामीहून थेट ऑरलँडो विमानतळापर्यंत धावते. तिचं पुढचं स्टेशन डिस्ने स्प्रिंग्जला होणार असं 2020 च्या नोव्हेंबरात जाहीर झालं होतं. बस बंद करण्याच्या घोषणेआधी जेमतेम दोन महिने! 2022 मध्ये नियोजित मार्ग कन्व्हेन्शन सेंटरच्या बाजूने वळला आणि डिस्नेने अंग काढून घेतलं. म्हणजे बसही गेली आणि रेल्वेही आली नाही.

आता पैशाचं. ऑरेंज काउंटीत हॉटेलच्या प्रत्येक रात्रीच्या बिलावर 6 टक्के पर्यटन कर लागतो, विक्रीकर वेगळा. या करातून काउंटीला वर्षाला तीस कोटी डॉलरहून जास्त मिळतात. हा पैसा पर्यटकांचा, म्हणजे त्यात तुमच्या-माझ्या ट्रिपचाही. पण राज्याच्या कायद्याने तो मुख्यतः पर्यटनाची जाहिरात, कन्व्हेन्शन सेंटर, स्टेडियम अशाच कामांसाठी राखून ठेवलाय. त्यातून बस चालवता येत नाही. मग वाहतुकीसाठी वेगळा एक टक्का विक्रीकर लावायचा प्रस्ताव नोव्हेंबर 2022 मध्ये मतदानाला आला आणि लोकांनी तो फेटाळला. स्थानिक माणसाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पर्यटकांकडून कोट्यवधी गोळा होत असताना बससाठी आमच्याच खिशात हात का, असं त्याला वाटलं तर ते साहजिक आहे.

बरं, या बसची गरज फक्त पर्यटकाला आहे का? त्या हॉटेलात चादरी बदलणारी, भांडी विसळणारी, रात्री रस्ते झाडणारी माणसंही कुठूनतरी येतात. त्यातले कितीतरी लिंक्स या सरकारी बसने, बस बदलत येतात. दोन डॉलरचं तिकीट, पण वेळ किती जातो ते त्यांनाच विचारा. विमानतळावरून हॉटेलांच्या पट्ट्यात जाणारी, सामान ठेवायला जागा असलेली, दर वीस मिनिटांनी सुटणारी चांगली सरकारी बस असेल तर ती आजोबांच्याही कामाची आणि त्या कामगाराच्याही. आणि ती चालवायला नवा कर लागत नाही. जो सहा टक्के आज गोळा होतोय, त्यातला थोडा भाग वळवायची परवानगी हवी. ती देणं टालाहासीतल्या विधिमंडळाच्या हातात आहे.

म्हणून माझं म्हणणं दोन वाक्यांत. डिस्नेने काय द्यावं हा तिच्या धंद्याचा प्रश्न, पण खोलीच्या भाड्यात काय येतं आणि काय नाही हे बुकिंगच्या पहिल्या पानावर एका बेरजेत दाखवायला हवं. आणि विमानतळावरून माणूस सामानासकट मुक्कामी पोचणं हा कुणाच्याही धंद्याचा प्रश्न नाही, ते सार्वजनिक काम आहे, आणि ते सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवं.

फ्लोरिडात राहणाऱ्या आणि मताचा हक्क असलेल्या आपल्या मंडळींना एक विनंती. निवडणुकीच्या आधी तुमच्या भागातला उमेदवार भेटला, की पर्यटन कराच्या वापराबद्दल त्याचं मत काय आहे ते विचारा. प्रश्न छोटा आहे, पण त्याचं उत्तर टाळताना माणूस ओळखू येतो.

आणि ज्यांचे आईबाबा या उन्हाळ्यात निघालेत त्यांनी ने-आणीचा खर्च आधीच हिशेबात धरा, बस असो वा गाडी, आगाऊ बुक करून पावती छापून त्यांच्या हातात द्या, आणि बॅगा दोनच ठेवा. चिवडा-लाडू कुरिअरनेही येतात.

कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर आजचे दर आणि अनुभव खाली लिहा, पुढच्यांना उपयोग होईल.