क्षयाच्या घरात दाळ पोहोचली पाहिजे



आपल्या वस्तीत क्षयाचे नाव अजूनही खालच्या आवाजात घेतले जाते. "छातीत थोडं पाणी झालंय", "डॉक्टरांनी सहा महिन्यांचा कोर्स दिलाय" असे म्हणून लोक विषय बदलतात. इकडे आपण गप्प असताना तिकडे या आजारावर बरेच संशोधन झाले आहे. भौतिकशास्त्राने फुप्फुसातला डाग लवकर दाखवणारे यंत्र हातात दिले. वैद्यकशास्त्राने क्षय आणि अन्न यांचा संबंध आकड्यांनिशी सिद्ध केला. आणि सरकारचा संगणकीय कारभार गरिबांपर्यंत पोहोचतो की वाटेत अडतो, याचाही अभ्यास झाला. हे तिन्ही एकत्र वाचले की आमच्या मते एकच मागणी उभी राहते: क्षयाच्या रुग्णाच्या घरात गोळ्यांबरोबर दाळही पोहोचली पाहिजे, आणि ती रुग्णासोबत घरातल्या सगळ्यांना मिळाली पाहिजे.

खोकला नसला तरी

१८९५ साली नोव्हेंबर महिन्यात जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही, शोध सगळ्या जगासाठी खुला ठेवला. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. निरोगी फुप्फुस हवेने भरलेले असते, त्यातून किरण आरपार जातात आणि फिल्मवर ती जागा काळी दिसते. क्षयाने बाधलेला भाग घट्ट झालेला असतो. तिथे किरण अडतात आणि पांढरट डाग दिसतो.

पूर्वी या एक्स-रेसाठी मोठ्या दवाखान्यात जावे लागे. आता बॅटरीवर चालणारी, हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे आली आहेत. ती समाजमंदिरात, विहाराच्या ओट्यावरही लावता येतात. निघालेला फोटो संगणक तपासतो आणि कोणाची पुढची तपासणी करावी ते सुचवतो. १५ वर्षांवरील माणसांच्या क्षय तपासणीसाठी संगणकाचा असा वापर करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. मात्र संगणकाने संशय दाखवला म्हणजे क्षय ठरला असे होत नाही. त्यानंतर थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी करावी लागते. ट्रूनॅट हे छोटे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातील मोलबायो कंपनीचे आहे. सरकारी दवाखान्यात या तपासण्या मोफत होतात.

एक्स-रेवर एवढा भर का, याचे उत्तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात आहे. त्या वेळी एक्स-रे न काढता नुसते "खोकला आहे का, ताप येतो का" असे विचारून पुढे गेले असते, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के सुटले असते. म्हणजे खोकला नाही, तरी छातीत क्षय आहे, असे लोक आपल्यात वावरतात. आणि ज्यांना लक्षणे होती, त्यांच्यापैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठे गेलेच नव्हते.

आपल्या पिंप्राळ्यात, हुडकोत आणि आसपासच्या वस्त्यांत एमआयडीसीत कामाला जाणारे, बांधकामावर जाणारे, हमाली करणारे पुष्कळ आहेत. दालमिलच्या आणि सिमेंटच्या धुळीत राबणारा माणूस खोकला आला तर "धुळीचा आहे" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. एक दिवस दवाखान्यात घालवायचा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तपासणीचे शिबिर वस्तीत यावे, आणि ते रविवारी किंवा संध्याकाळी, माणसे घरी असताना भरावे. दुपारी अकरा ते दोन भरलेल्या शिबिराला म्हातारी माणसे भेटतात, राबणारे भेटत नाहीत.

दाळ हेही औषध

आता सगळ्यात महत्त्वाच्या संशोधनाकडे येऊ. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत 'रेशन्स' नावाचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट' आणि 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे त्यात होती. घरच्या माणसांपैकी जवळपास दोन तृतीयांश आदिवासी होती.

सर्व रुग्णांना दरमहा १० किलोची शिधापिशवी आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. घरच्या माणसांचे मात्र दोन गट केले. एका गटात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो दाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना हे मिळाले नाही. निकाल असा आला, की ज्या घरांना शिधा मिळाला तिथे नवीन क्षय ३९ टक्के कमी झाला. फुप्फुसाचा, तपासणीत जंतू सापडलेला क्षय तर ४८ टक्के कमी झाला. संशोधकांनी हिशेब मांडला की अशा ३० घरांना शिधा दिला की एका माणसाचा क्षय टळतो.

रुग्णांबद्दलही त्यांनी मोलाची गोष्ट दाखवली. उपचार सुरू झाले तेव्हा दर १०० रुग्णांपैकी ८२ जणांचे वजन गरजेपेक्षा कमी होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यातला मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. ४० किलोच्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो. ते दोन किलो अंगावर चढतात की नाही, यावर जीव अवलंबून असतो.

जळगावच्या दालमिलांतून दाळ देशभर जाते. ती दाळ भरणाऱ्या, उचलणाऱ्या हातांच्या घरात मात्र महिनाअखेर दाळ पातळ होत जाते. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. पण त्या कायद्यात दाळ नाही. भाताने पोट भरते, पण फुप्फुसाला झुंज देण्याचे बळ त्याने येत नाही. झारखंडच्या प्रमाणाने चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला सहा किलो दाळ लागेल. एका माणसाचा क्षय, त्याची बुडालेली मजुरी आणि लेकरांची सुटलेली शाळा यांच्यापुढे ही सहा किलो दाळ सरकारला महाग नाही.

अंगठा उमटला नाही तर

सरकारने काहीच केलेले नाही असे आम्ही म्हणणार नाही. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा १,००० रुपये झाली. ज्यांचे वजन फार कमी आहे अशा रुग्णांना पहिले दोन महिने जादा पोषण आहार देण्याचेही ठरले. घरच्या माणसांना 'निक्षय मित्र' शिधापिशवी देऊ शकतात, अशी तरतूद झाली.

अडचण पोहोचण्याची आहे. कर्नाटकातील दक्षिण कन्नड जिल्ह्यात या योजनेचा अभ्यास झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच एका रुग्णाची तक्रार आहे, की उपचार सुरू होऊन पाच महिने झाले तरी पैसे आले नाहीत. औषधाचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. वजन वाढायला हवे पहिल्या दोन महिन्यांत, आणि पैसे येणार पाचव्या महिन्यानंतर! अशा पैशांचा ताटात काय उपयोग?

रेशनचीही तीच गोष्ट आहे. झारखंडमध्येच रेशन दुकानातील अंगठ्याच्या यंत्राचा मोठा अभ्यास झाला. तो दीड कोटी लाभार्थ्यांच्या व्यवस्थेवरचा होता आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या अंगठ्याच्या सक्तीने गळती थांबली नाही. उलट ज्यांचे आधार आधी जोडलेले नव्हते, त्यांना मिळणारा लाभ सरासरी १० टक्क्यांनी घटला. विटा, सिमेंट, धुणीभांडी यांनी बोटांच्या रेषा झिजतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. यंत्राला बोट ओळखू आले नाही, हा त्या बाईचा गुन्हा नाही. अंगठा उमटला नाही म्हणून कोणाचे धान्य नाकारू नये, अशी केंद्र सरकारची २०१७ ची सूचना आहे. ती लक्षात ठेवा आणि दुकानदाराला शांतपणे सांगा.

राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात लोकांचे पोषणमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. निक्षय मित्रांनी दिलेली पिशवी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण रुग्णाच्या घराचे पोषण एखाद्या देणगीदाराच्या मनावर सोडता येणार नाही. ते हक्काने मिळायला हवे. हक्क आणि भीक यांतला फरक बाबासाहेबांच्या लेकरांना समजावून सांगावा लागू नये.

ताट वेगळे करू नका

सरकारकडे मागताना आपल्या घरातही डोकावू. क्षय झालेल्या सुनेचे ताट, पेला, गोधडी वेगळी करतात, तिला माहेरी धाडतात. क्षय हवेतून पसरतो, ताट-पेल्यातून पसरत नाही. खिडक्या-दारे उघडी ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा, सुरुवातीचे काही आठवडे मास्क वापरा, घरच्यांची तपासणी करून घ्या. एवढे पुरे आहे. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या समाजाने आपल्याच घरात वेगळा पेला ठेवावा, हे आम्हाला पटत नाही.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग भिक्खूंना सांगितले, की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. रविवारी वंदनेला बसताना शेजारच्या घरातला आजारी आठवला, तर ती वंदना पुरी झाली असे आम्ही मानतो.

आपण काय करावे

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरत चाललेले वजन यांपैकी काहीही असेल तर तपासून घ्या. घरात कोणाला क्षय झाला असेल, तर लक्षणे नसली तरी सगळ्यांचा एक्स-रे काढा. गरोदर बाईने आधी तसे डॉक्टरांना सांगावे. प्रतिबंधक गोळ्यांबद्दलही विचारा.

उपचार सुरू होताच निक्षयमध्ये नोंद झाली का आणि खाते आधारशी जोडले आहे का, हे आशाताईंकडून पहिल्याच आठवड्यात पाहून घ्या. रुग्णाचे वजन दर महिन्याला करून कार्डावर लिहून घ्या. साधारण हिशेब असा: पाच फूट उंचीच्या माणसाचे वजन ४३ किलोच्या खाली असेल, किंवा पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाचे ४७ किलोच्या खाली, तर ते कमी आहे. जादा पोषण आहार मागा.

घरात जे परवडते त्यातूनच ताट भरा. कळण्याची भाकरी, उडदाची किंवा तुरीची घट्ट दाळ, शेंगदाणे, अंडी. ताटात आधी रुग्णाला आणि लेकरांना वाढा, बाईने उरलेसुरले खाण्याची रीत मोडा. गोळ्या मात्र बरे वाटले तरी मध्येच सोडू नका.

आणि विहार समित्यांना आमची विनंती आहे. वर्षावासाच्या काळात एक रविवार आरोग्यासाठी ठेवा. महापालिकेच्या आरोग्य विभागाला पत्र देऊन वस्तीत एक्स-रे शिबिर मागा. कोणत्या रुग्णाच्या खात्यात पैसे आले नाहीत, कोणाचा अंगठा उमटत नाही, याची यादी रुग्णाची संमती घेऊन करा आणि ती अधिकाऱ्यांना समक्ष द्या. त्या यादीसोबत दाळीची मागणीही लेखी द्या. एकट्याने विचारले तर उद्या या म्हणतात, पन्नास जण गेले की खुर्ची देतात.

क्षयाबद्दल माहिती किंवा तक्रार असेल तर निक्षय संपर्क हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६ आहे. तो विहाराच्या फलकावर लिहून ठेवा.

नमो बुद्धाय, जय भीम.