शाखा अनेक, खोड एक

पाठ्यपुस्तकात चूक सापडली, तर ती केवळ पुढच्या आवृत्तीत सुधारून भागत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या प्रतींपर्यंतही शुद्धिपत्र पोचावे लागते. घराघरांत आणि कचेऱ्यांत वायफाय पुरविणाऱ्या राऊटरमधील आज्ञावलीचेही तसेच आहे. चूक शोधणाऱ्याचे कौतुक होते. तिची दुरुस्ती प्रत्येक शाखेत नेऊन पोचविणारे मात्र उपेक्षितच राहतात. वास्तविक सामान्य माणसाची सुरक्षितता अवलंबून असते ती या दुसऱ्या वर्गावर.

असंख्य राऊटर लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतात. तिच्या व्यवस्थेत बिनतारी जाळ्याच्या दुरुस्त्यांसाठी एक आणि नव्या सोयींसाठी दुसरी, अशा दोन शाखा असतात. सुमारे दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. शिवाय जुन्या स्थिर आवृत्त्याही सांभाळाव्या लागतात. तेथील दंडक असा, की दुरुस्ती आधी मुख्य खोडात स्वीकारली जावी, मगच ती स्थिर शाखांत जावी. आणि आजूबाजूच्या ओळी धरून ती १०० ओळींहून मोठी नसावी. हा लाल फितीचा कारभार आहे, अशी तक्रार काही जण करतात. ती टिकणारी नाही. दुरुस्ती केवळ जुन्या शाखेत झाली आणि खोडात झाली नाही, तर नवी आवृत्ती घेणाऱ्याच्या पदरी तीच चूक पुन्हा पडते.

तथापि शिस्तीला पारदर्शकतेची जोड नसेल तर माणसे दुरावतात, हेही तितकेच खरे. राऊटरसाठी २००४ साली सुरू झालेल्या ओपनडब्ल्यूआरटी या प्रकल्पातून मे २०१६ मध्ये काही प्रमुख कार्यकर्ते बाहेर पडले आणि त्यांनी ‘लीड’ ही वेगळी चूल मांडली. निर्णय उघडपणे व्हावेत, हा त्यांचा आग्रह होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये मॅथी व्हानहूफ या बेल्जियन संशोधकाने वायफायच्या डब्ल्यूपीए-२ या संरक्षणपद्धतीतील ‘क्रॅक’ हा दोष जाहीर केला, तेव्हा एकाच उगमाचे हे दोन प्रकल्प वेगळे नांदत होते. आणीबाणीच्या घटकेला एकच काम दोन घरांत करणे मूठभर स्वयंसेवकांना परवडणारे नसते. जानेवारी २०१८ मध्ये दोघे पुन्हा एक झाले. नाव जुने राहिले. आज्ञावली आणि नियम लीडचे स्वीकारले गेले. मानापमानापेक्षा काम मोठे मानण्याचा हा शहाणपणा होय.

तो अनेक उत्पादकांत मात्र आढळत नाही. मुक्त आज्ञावलीची एक जुनी प्रत उचलायची, तीत आपले फेरबदल करायचे, माल विकायचा आणि खोडाकडे पाठ फिरवायची, ही रीत रूढ झाली आहे. लिनक्सच्या जीपीएल परवान्याने मूळ संहिता खुली करण्याचे बंधन येते. दुरुस्त्या ग्राहकापर्यंत नेण्याचे येत नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्याने, सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान किती काळ देणार हे जाहीर करणे उत्पादकांना भाग पाडले आहे. ही सुरुवात स्वागतार्ह असली, तरी मुदत छापल्याने दुरुस्ती होत नाही. त्यासाठी उत्पादकांनी आपले फेरबदल मुख्य खोडात परत द्यावेत आणि ते सांभाळणाऱ्यांच्या श्रमाचा भार उचलावा. राऊटर घेताना ग्राहकानेही किमतीबरोबर ही मुदत विचारावी. विचारणाराच नसेल, तर उत्तर देण्याची निकड कोणाला वाटणार?