कुंपणातील मृगया

स्वतःच्या पैशाने जमीन घेऊन कोणी तीत शिकार खेळला, तर इतरांनी कपाळाला आठ्या का घालाव्यात, असा प्रश्न धनिकांकडून नेहमी विचारला जातो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात गुरे चारण्याची विस्तीर्ण राने, म्हणजे तेथील भाषेत रँच, शहरचे लोक केवळ शिकार व विश्रांती यांसाठी विकत घेत असतात. आमचा आक्षेप शिकारीस नाही, खरेदीसही नाही. त्या हौसेचा भार इतरांवर टाकला जातो, यास आहे.

टेक्सासातील नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे. तेथील रानटी हरिण मात्र कायद्याने जमीनमालकाचे नव्हे. ते राज्यातील जनतेचे. परंतु मालकाच्या अनुमतीवाचून आत पाऊल टाकता येत नसल्यामुळे जनतेचा हा हक्क कागदावरच राहतो. भोवती आठ फूट उंचीचे कुंपण उभारले, की हरणास बाहेर जाता येत नाही आणि जनतेस आत येता येत नाही. मग मालक शिकारीचा हंगामी मक्ता देतो व जनतेच्या हरणावर पैसा मिळवतो.

याहून गंभीर गोष्ट कराची. तेथे शेतजमिनीवरील कर बाजारभावाने न आकारता उत्पन्नाच्या मानाने आकारता येतो. १९९५ मध्ये घटनादुरुस्ती होऊन, स्थानिक वन्य प्राण्यांच्या जोपासनेसाठी राखलेल्या शेतजमिनीसही ही सवलत मिळाली. ठरवून दिलेल्या सात कामांपैकी पाणवठे, निवारा, गणती अशी तीन कामे केली म्हणजे पुरते. हेतू स्तुत्य खरा. पण शिकारीची हौसही त्याच सवलतीच्या आश्रयास जाऊन बसते. शाळांचा खर्च ज्या करातून चालतो, त्यातील ही सूट अखेर शेजाऱ्यांनीच भरून काढावयाची! शिवाय जमिनीची किंमत गवतावर न ठरता हौसेवर ठरू लागली, म्हणजे गुरे पाळून पोट भरणाऱ्याच्या मुलाने लगतचे रान घ्यावे तरी कसे?

यावर प्रतिपक्ष म्हणेल, की या रानांनी प्राणी वाचविले. हे आम्ही नाकारीत नाही. आपल्याकडील काळवीट १९३०च्या सुमारास टेक्सासात नेले गेले व तेथे फोफावले. पाकिस्तानात त्यांचा उच्छेद झाल्यावर १९७०च्या दशकात टेक्सासातूनच त्यांची जोडपी तेथे पाठविण्यात आली. तथापि भारतात १९७२च्या कायद्याने काळविटाची शिकार हा गुन्हा आहे, आणि महाराष्ट्रातील रेहेकुरीच्या माळावर तो बंदुकीच्या मक्त्यावाचून जगतो आहे. प्राणी राखण्याचा मार्ग एकच नव्हे, इतके तरी यावरून सिद्ध होते.

मालकी व लोकांचा प्रवेश एकत्र नांदू शकत नाहीत, ही सबबही टिकत नाही. स्कॉटलंडात हरणांच्या शिकारीसाठी राखलेल्या प्रचंड जहागिरी आहेत. तेथे २००३च्या कायद्याने सर्वांस जबाबदारीने पायी हिंडण्याचा हक्क दिला, तरी त्या जहागिरी बुडाल्या नाहीत. टेक्सासातही ज्यास सार्वजनिक सवलत हवी असेल, त्याने हंगामाबाहेर तरी फाटक लोकांस उघडावे. ते मान्य नसेल तर बाजारभावाने कर भरावा. हौस ज्याची, खर्चही त्याचाच असावा.