स्टेपनीच्या हवेवर चालणारा वॉशर

साठच्या दशकाच्या शेवटची फोक्सवॅगन बीटल गॅरेजला आली आणि वॉशर पाणी मारत नसेल, तर आधी स्टेपनीची हवा बघायची. नव्या पोराला हे सांगितले तर त्याला आपली फिरकी घेतल्यासारखे वाटेल. पण त्या गाडीत इंजिन मागे, डिकी पुढे आणि डिकीत वॉशरच्या टाकीजवळच स्टेपनी. मग वॉशरसाठी वेगळी मोटर आणि तिचे वायरिंग कशाला, असा विचार करून कारखान्याने स्टेपनीच्या व्हॉल्व्हवरून टाकीला एक नळी दिली. टायरमधल्या दाबाने पाणी काचेवर उडायचे. दाब ठराविक पातळीला उतरला की मधली झडप हवा अडवायची, नाहीतर काच स्वच्छ आणि स्टेपनी चपटी अशी अवस्था झाली असती. मालकाने स्टेपनी थोडी जास्त भरून ठेवायची, इतकेच.

गाड्यांच्या गमतीजमतींच्या याद्या हल्ली मोबाइलवर रोज येतात. त्यात नऊ ओळी आश्चर्याच्या असतात आणि कारण एकाही ओळीत नसते. वाहनशौकिनाला तेवढ्याने भागते, गॅरेजवाल्याचे भागत नाही. आपल्या कामात विचित्र दिसणाऱ्या प्रत्येक रचनेमागे पैसा, जागा, वजन किंवा कायदा यांपैकी काहीतरी असतेच, आणि ते कळले नाही तर आपण चुकीचा पार्ट बदलून मोकळे होतो.

सित्रोएनची टू सीव्ही १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली. सुरुवातीच्या गाड्यांचे वायपर स्पीडोमीटरच्या केबलवर चालत. गाडी पळाली की वायपर पळणार, गाडी रेंगाळली की तेही रेंगाळणार आणि सिग्नलला थांबलो तर हाताने फिरवायचे. मुंबईच्या पावसात आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये या गाडीचे काय झाले असते ते सांगायला नको! पण तिच्याच डॅशखाली हेडलाइट वरखाली करणारा नॉब होता. सस्पेन्शन इतके मऊ की मागे ओझे चढले की नाक वर व्हायचे आणि दिवे आभाळाकडे बघायचे. आज आपल्या साध्या हॅचबॅकमध्ये शून्य ते तीन आकड्यांचे जे चाक असते, ते हेच काम करते. ते तीनवर ठेवून ‘लाइट रस्त्यावर पडत नाही, बल्ब बदला’ म्हणणारे ग्राहक आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले असतील.

माझी सर्वात लाडकी विचित्र गाडी मात्र मेसरश्मिटची केआर २००. युद्धानंतर जर्मनीत विमाने बांधायला बंदी, म्हणून विमानवाल्या कंपनीने छोट्या तीनचाकीकडे मोर्चा वळवला. १९५५ ते १९६४ या काळात निघालेल्या या गाडीत माणसे एकामागे एक बसत आणि वरचा पारदर्शक घुमट बाजूला उघडून आत उतरत. इंजिन १९१ सीसीचे, टू स्ट्रोक. गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स नाहीच. मागे जायचे असेल तर इंजिन बंद करायचे, चावी आणखी आत दाबायची आणि स्टार्टर मारायचा. इंजिन उलटे फिरू लागे! साध्या टू स्ट्रोकमध्ये पोर्ट उघडण्यामिटण्याचे काम पिस्टनच करतो, त्यामुळे इंजिन कुठल्या दिशेने फिरते याने त्याला फारसा फरक पडत नाही. फक्त स्पार्क वेळेवर पडला पाहिजे, म्हणून उलट दिशेसाठी पॉइंटचा वेगळा सेट होता. गिअर चार, म्हणजे मागे जायलाही चारच्या चार! टायमिंग बिघडलेली लॅम्ब्रेटा किक मारताच उलटी फिरलेली ज्या जुन्या मिस्त्रींनी अनुभवली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे जो दोष म्हणून जॉब कार्डवर चढला असता, तोच तिथे कारखान्याने चावीवर बसवला.

घरचे उदाहरण नॅनोचे. तिच्या चाकाला तीनच नट पाहून लोक हसले, पण एवढ्या हलक्या गाडीला तीन पुरतात आणि वजन, खर्च दोन्ही वाचतात. इंजिन मागे असल्याने पेट्रोलचे झाकण पुढच्या बॉनेटखाली गेले आणि पंपावरची पोरे मागे-पुढे फिरत राहिली. आपल्या कामाची गोष्ट टायरची: पुढे १३५ रुंदीचा, मागे १५५चा. मागे भार जास्त असल्याने वळणावर गाडीची शेपूट सुटू नये म्हणून मागचा रुंद. सवयीने टायर पुढचे मागे, मागचे पुढे करणाऱ्या गॅरेजांनी या गाडीला हात लावताना आधी साइडवॉल वाचावी.

आता एक अफवा. फ्युएल गेजवरच्या पंपाच्या चित्रात पाइप ज्या बाजूला, त्याच बाजूला टाकीचे झाकण, असा मेसेज दरवर्षी फिरतो. तो खोटा आहे. खरी खूण चित्राशेजारचा छोटा त्रिकोणी बाण. फोर्डच्या जिम मॉयलन यांनी कंपनीची गाडी पंपावर चुकीच्या बाजूला लावली आणि पावसात भिजले. १९८६ साली त्यांनी वरिष्ठांना बाणाची सूचना लिहून दिली आणि १९८९च्या मॉडेलपासून तो गाड्यांत दिसू लागला. डॅशवर एक छोटे चिन्ह, खर्च जवळजवळ शून्य. त्यापुढे आजच्या टचस्क्रीनमध्ये तीन मेनू खाली दडवलेला एसीचा पंखा मला जास्त विचित्र वाटतो.

पुढच्या अंकापासून अशा रचनांसाठी आम्ही एक पान राखून ठेवत आहोत. तुमच्या रॅम्पवर आलेली चमत्कारिक गोष्ट आम्हाला लिहून कळवा. मॉडेल, वर्ष आणि पार्टचा स्पष्ट फोटो हवा. ती तशी का केली असावी यावर तुमचे मतही दोन ओळींत द्या. कारणाशिवाय आलेली गंमत छापली जाणार नाही. ग्राहकाचे नाव आणि नंबर प्लेट मात्र झाकून पाठवा.