घरोघरी आरोग्य : ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका

समजा, मानवतच्या मोंढ्यात हमाली करणाऱ्या एका बांधवाची सात वर्षांची मुलगी आहे. महिन्या-दोन महिन्यांनी तिला ताप येतो, हातपाय ठणकतात, डोळे पिवळट दिसतात. शाळा बुडते. दवाखान्यात ‘रक्त कमी आहे’ असे सांगून टॉनिक लिहून दिले जाते. बाटली संपते, दुखणे मात्र तसेच राहते. मग शेजारीण म्हणते, ‘बाहेरचं असेल, एकदा उतारा करून पाहा.’

बंधू-भगिनींनो, याच मानवतमध्ये 1972 ते 1974 या काळात गुप्तधनाच्या अंधश्रद्धेतून मुलींचे व बायांचे खून झाले. अंधश्रद्धा काय करू शकते हे या गावाने पाहिले आहे. तथागतांनी शिकविले की दुःखाला कारण असते आणि कारण सापडले तरच निवारण होते. आजाराचेही तसेच आहे.

‘रक्त कमी’ हे आजाराचे नाव नव्हे, लक्षण आहे. लोह कमी पडल्याने रक्त कमी होते, जंतांमुळे होते, तसेच जन्मजात दोषाने तांबड्या पेशी लवकर मोडल्यानेही होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेल आजारात ती विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि 10 ते 20 दिवसांत मोडते. कळा येतात त्या यामुळे. अशा वेळी तपासणीशिवाय वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देणे योग्य नाही.

1910 साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन छापले. हा आजार जगाला कळला तो काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबातून. भारतात त्याची पहिली नोंद 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. विदर्भात तो आदिवासी बांधवांत व आपल्या समाजातही आढळतो. आपल्या सोयरिकी नागपूर-यवतमाळपर्यंत असतात, म्हणून मराठवाड्यानेही बेफिकीर राहू नये. हा कलंक नव्हे की मागल्या जन्मीचे पाप नव्हे. या गुणाच्या वाहकांना हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळे, म्हणून तो पिढ्यानपिढ्या टिकला.

पहिली तपासणी साधी आहे. सी.बी.सी. करावी आणि रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. याला स्मिअर म्हणतात. संशय आल्यास सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तरी माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. केल्यावरच समजते. तालुक्याला सोय नसेल तर परभणीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे.

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. तान्ह्या बाळाला वारंवार न्यूमोनिया होत असेल, कान वाहत असेल, तोंडातील बुरशी जात नसेल किंवा घरातले आधीचे मूल तान्हेपणी दगावले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तान्ह्या बाळात लिम्फोसाइट पेशी 3000 पेक्षा कमी असणे धोक्याची खूण असू शकते. मोठ्या माणसात एवढा आकडा साधारण असतो, त्यामुळे ही खूण कधी नजरेतून निसटते. अशा दुर्मिळ दोषांच्या तपासण्या मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ या संस्थेत होतात.

आणखी एक. आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. दोष दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होत नाही. म्हणून सुनेला बोल लावू नका. लग्न ठरविताना पत्रिका पाहण्यापेक्षा मुलगा-मुलगी दोघांचे रक्त तपासून घ्या. वाहक माणूस एरवी निरोगी असतो, त्याला नाकारू नका.

सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवा. डॉक्टरांना न भिता विचारा : रक्त कशामुळे कमी आहे? स्मिअर पाहिला का? पुढची तपासणी कुठे होईल? तथागतांनी आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः स्नान घातले होते. आपल्या लेकरासाठी आपण एवढे तीन प्रश्न तरी विचारूच.

जय भीम!